बत्तिसावा संदर्भ

बत्तिसाव्या ओळीसमोर लाल ठिपका आला तेव्हा मला पहिल्यांदा राग आला तो स्वतःच्या डोळ्यांचा. दुपारनंतर माझ्या डोळ्यांचं असं होतं की हिरवं, पिवळं, लाल सगळं एकाच बादलीत भिजत घातल्यासारखं दिसायला लागतं. म्हणून थेंब घातले, पापण्या मिटून खुर्चीत मागे रेलले आणि मग पुन्हा पाहिलं. ठिपका लालच होता. तसं त्यात दचकण्यासारखं काही नव्हतं. लाल ठिपक्यांवर माझं पोट चालतं. सगळेच हिरवे यायला लागले तर कंपनी मला दुसऱ्या दिवशी नारळ देईल. पण ही यादी कंपनीची नव्हती, दादाची होती. आणि त्या ओळीत लेखकाचं जे नाव होतं ते वाचून मी ताठ बसले, कारण त्या माणसाने आयुष्यात एखादा लेख सुरू करून संपवला असेल यावर माझा काही केल्या विश्वास बसेना.

आमचं काम काय ते सांगितलं की लोक आधी हो हो म्हणतात आणि जरा वेळाने विचारतात, म्हणजे नक्की काय करता तुम्ही? अभ्यासक लेख लिहितात, लेखाच्या शेवटी आपण कोणाकोणाचा आधार घेतला त्याची यादी देतात. यादीतल्या जवळजवळ प्रत्येक लेखाला कुठेतरी एक नंबर दिलेला असतो. डीओआय म्हणतात त्याला. मासिक विकलं जावो, बंद पडो, वेबसाइट बदलो, तो नंबर तोच राहतो आणि तो दाबला की लेख उघडतो. हा नंबर शोधायचा आणि त्या त्या ओळीच्या शेपटीला लावायचा, इतकंच. आता निम्म्याहून अधिक काम मशीनच करतं. हिरवा ठिपका म्हणजे सापडला, पिवळा म्हणजे हाच असावा बहुतेक, लाल म्हणजे मशीनने हात टेकले. पिवळे आणि लाल आमच्याकडे येतात. कोणी पानाच्या आकड्यांची उलटापालट केलेली असते, कोणी आडनावाच्या जागी नाव घातलेलं असतं, कोणी मासिकाचं नव्याने बारसं होण्याआधीचंच नाव धरून बसलेलं असतं. मला त्यांचा राग येत नाही. यादी करायला बसेपर्यंत माणूस लेख लिहून दमलेला असतो, आणि दमलेल्या माणसाच्या चुका कुठे कुठे असतात ते मला आतून ठाऊक आहे, कारण मी स्वतः दमलेली नाही असा दिवस मला आठवत नाही.

दादा कॉलेजात भूगोल शिकवायचा. निवृत्त झाल्यापासून तो पायवाटांवर लिहितोय. मोकळं मैदान असतं, कडेने चांगला बांधलेला रस्ता असतो, तरी लोक गवतातून तिरके जातात आणि एक दिवस तिथे पांढरी रेघ उमटते, त्या रेघेवर. वहिनी गेल्यावर मी माझी खोली सोडून त्याच्याकडे राहायला आले, तेव्हापासून जेवणाच्या टेबलाचा अर्धा भाग या लेखाचा आहे आणि उरलेल्या अर्ध्यात आम्ही दोघं जेवतो. तो लेख किती ठिकाणांहून साभार परत आला ते मी मोजायचं सोडून दिलं. परत आल्याची पत्रं मीच त्याला वाचून दाखवते. दादाच्या डोळ्यांचा मधला भाग गेलाय; कडेचं दिसतं, समोरचं दिसत नाही. माझ्याकडे नीट बघायचं असेल तर त्याला खिडकीकडे तोंड करावं लागतं. संपादकांची पत्रं वाचताना मी आवाज जितका सपाट ठेवता येईल तितका ठेवते. 'खेद आहे' हे शब्द मी इतक्या वेळा उच्चारलेत की खेदाला काही चवच राहिली नाही. आणि मग गेल्या महिन्यात पत्र आलं की लेख स्वीकारला. मी ते दोनदा वाचलं, एकदा त्याच्यासाठी आणि एकदा माझ्यासाठी. या आठवड्यात शेवटचं पत्र आलं. सगळं ठीक, फक्त यादीतल्या प्रत्येक संदर्भाला नंबर हवा आणि तो शनिवारच्या आत हवा, नाहीतर लेख या अंकातून निघेल आणि पुढे कधी जागा होईल ते सांगता येणार नाही. दादा म्हणाला, "तुझ्या डाव्या हाताचा मळ आहे." मी म्हटलं, हो. आज शुक्रवार.

हा लेख छापून यावा असं दादाला वाटत होतं त्याहून जास्त मला वाटत होतं, हे कबूल केलं पाहिजे. ते सगळं काही प्रेमापोटी नव्हतं. मला ते टेबल रिकामं हवं होतं. संध्याकाळी घरी आल्यावर दाराचा आवाज ऐकून त्याने "आलं का काही?" असं विचारू नये, आणि मी चपला काढता काढता "नाही रे" म्हणू नये, एवढंच मला हवं होतं. थकलेल्या माणसाच्या इच्छा अशाच बारीक असतात.

आणि आता मध्येच हा माणूस लाल होऊन उभा. दादाचा मित्र, त्याच कॉलेजातला, पण तत्त्वज्ञानाचा. मी त्याला मनातल्या मनात, आणि वहिनीजवळ उघडपणे, प्रस्तावना म्हणायचे. कारण तो कधी प्रस्तावनेच्या पुढे गेला नाही. माझी खोली वेगळी होती तेव्हाही सुट्टीला मी दादाकडेच असायचे, आणि हा दर रविवारी संध्याकाळी यायचा, ओली छत्री असेल तर नेमकी पायपुसण्यावर ठेवायचा, आणि चहाचा कप हातात धरून अशी सुरुवात करायचा की जणू आता जग उलगडून दाखवणार. चहा थंड व्हायचा. मग मी दुसरा करायचे. तोही थंड व्हायचा. लिहितो, लिहितो म्हणायचा, मोठं लिहिणार आहे म्हणायचा, आणि उठताना दादाकडून दोन कोरे कागद मागून घ्यायचा, अमुक एक मुद्दा विसरायला नको म्हणून. बोलाचीच कढी आणि बोलाचाच भात, असं मी वहिनीला म्हणायचे, आणि वहिनी म्हणायची, असू दे गं, जेवणारा तर खूश आहे ना. दादा खरंच खूश असायचा. कॉलेजातून येताना ओढलेला असायचा त्याचा चेहरा, पण रविवारी संध्याकाळी तो पुढे झुकून बसायचा आणि हातातलं पेन उगीचच उघडझाप करायचा. मी शेजारच्या ओट्याशी उभी राहून चहा गाळायचे. माझे रविवार मला हवे असायचे. आठवडाभर नोकरी केल्यावर सुट्टीच्या दिवशी एका माणसाच्या प्रस्तावनेला दोनदा चहा पाजायचा, याचा मला मनापासून कंटाळा यायचा.

सकाळचे रविवार तर आधीच टेपने नेलेले असायचे. मोजायची लांब टेप, कापडाची. तिचं एक टोक मी धरायचं, दुसरं दादाने. गावाबाहेरचं मैदान, शाळेमागची पडीक जागा, दवाखान्याचं आवार, कुठे कुठे आम्ही पायवाटा मोजल्या. मी गवतात उभी, बोटाला टेपची पितळी कडी, आणि दादा लांबून ओरडतोय, "हलू नकोस गं!" एकदा प्रस्तावना आमच्याबरोबर आला होता. टेप धरायला नाही, बघायला. वाटेच्या कडेला उभा राहिला आणि म्हणाला, अरे, वाट कोण पाडतं माहीत आहे का? आपल्याला वाटतं पहिला माणूस. पहिला काय, तो नुसता जातो. वाट पाडतो तो दुसरा. दादा टेप सोडून तिथेच थांबला. टेप सर्रकन माझ्याकडे आली आणि बोटाला कापलं. तेव्हा मला फक्त बोट दुखत होतं. पण दादाच्या लेखाचा सगळा तिसरा भाग त्या एका वाक्यावर उभा आहे, आणि वाक्याच्या शेवटी कंसात आकडा आहे, बत्तीस. म्हणजे वाक्य याचं, हे त्याने अमुक मासिकात अमुक वर्षी अमुक पानावर लिहिलंय. म्हणजे लिहिलं होतं तर. मला आधी थोडं ओशाळल्यासारखं झालं. मग मी कामाला लागले.

शोधायला बसलं की मला बरं वाटतं, हे कोणाला सांगून पटत नाही. तेवढ्यापुरता थकवा पाठ फिरवतो. आडनावाचं स्पेलिंग बदलून पाहिलं. आद्याक्षरं उलटी केली. शीर्षकातला एकच शब्द ठेवून बाकीचे काढले. मासिक खरं होतं, त्याचा तो खंडही खरा होता, पण दादाने दिलेल्या पानांवर भलताच लेख होता, माळरानावरच्या गवताच्या वाढीचा, दुसऱ्याच तिघांचा. मग पुढचा खंड, मागचा खंड, त्याच नावासारखं नाव असलेलं दुसरं मासिक. ग्रंथालयांच्या याद्या. काही नाही. मग अचानक एक सापडलं. कुठल्याशा लांबच्या विद्यापीठातल्या एका पोराने दोन वर्षांपूर्वी लिहिलेल्या लेखाच्या यादीत तो होता, तेच नाव, तेच शीर्षक, तीच पानं. म्हणजे कोणीतरी वाचला होता. मी मान मोडेस्तोवर त्या ओळीकडे बघत राहिले. आणि मग दिसलं की वर्षाच्या पुढे कंसात महिना लिहिलाय. महिना कोणी लिहीत नाही. महिना फक्त दादा लिहितो, त्याची जुनी खोड आहे. कॉलेजच्या वार्षिकात त्याने या विषयावर चार पानं लिहिली होती, ती कोणीतरी कुठेतरी चढवलेली असणार. पोराने तिथून ओळ उचलली होती, महिन्यासकट. त्याने लेख पाहिला नव्हता. त्याने दादावर विश्वास ठेवला होता.

आमच्या धंद्यात याला नाव नाही, पण सगळ्यांना ठाऊक आहे. एकाने लिहायचं, दुसऱ्याने बघून लिहायचं, मग तिसरा, चौथा. शेवटी इतकी माणसं त्या लेखाचं नाव घेतात की तो नाही म्हणणाराच वेडा ठरतो. मी ओळीकडे पुन्हा पाहिलं, वर्षाकडे, महिन्याकडे. आधी नुसतं वर्ष म्हणून वाचलं होतं. आता कळलं की त्या वर्षी, त्याच महिन्यात प्रस्तावना गेला. ताप आला, अंगावर काढला, दवाखान्यात नेला तेव्हा उशीर झाला होता. दादा रोज संध्याकाळी तिथे जाऊन बसायचा. घरी येऊन एकदाच बोलला. म्हणाला, तो म्हणतोय, बरा झालो की पहिलं हे लिहून काढतो. मी त्या दिवशी पानं वाढत होते आणि माझ्या मनात आलं होतं की मरतानासुद्धा हा माणूस लिहितोच म्हणतोय.

तर लेख नाही. नव्हताच कधी. हे पक्कं झालं तेव्हा मला भीती वाटली, आणि ती लेखाची नव्हती. दादा खोटं लिहिणारा माणूस नाही. पेपर तपासताना अर्ध्या मार्कासाठी रात्री उठून पुन्हा बघणारा तो. मग त्याने हे लिहिलं कसं? एकच उत्तर होतं, आणि ते मला नको होतं. त्याला खरंच वाटत होतं की लेख आहे. वाचलाय असं वाटत होतं. डोळे गेले ते आपण पाहिलं, थेंब घातले, डॉक्टर केले. पण आत दुसरं काहीतरी सुटत चाललं असेल तर ते कुठे दिसतं? अलीकडे तो चहात साखर घातली का म्हणून दोनदा विचारतो. मी विचारते तेव्हा मी थकलेली असते. तो विचारतो तेव्हा मी घाबरते. त्याला जाऊन सांगायचं की हा लेख नाही, तर पुढचं वाक्य मला माहीत होतं. तो म्हणणार, अगं, मी वाचलाय. आणि मग मला त्याच्याकडे बघत उभं राहावं लागणार. माझ्यात ती ताकद नव्हती. खरंच नव्हती.

"मॅडम, अजून त्याच्यावरच?" मागून आमच्या टीमची लीड आली. माझ्या निम्म्या वयाची आहे, पण स्वभावाने गोड, आणि रोजचे आकडे वरच्यांना दाखवायचे असल्यामुळे कायम घाईत. "आपली कोणती फाइल आहे ही?"

"आपली नाही. घरची आहे. भावाची."

"मग तर सोपं आहे. लाल आहे का? शेजार द्या ना."

शेजार देणं हा आमच्या विभागातला शब्द आहे. लेख सापडत नसला, पण मासिक आणि खंड जुळत असला, तर त्याच अंकातल्या जवळच्या लेखाचा नंबर लावून मोकळं व्हायचं. ठिपका हिरवा होतो. कोणी दाबून बघत नाही. नवीन मुली पहिल्या आठवड्यात हेच शिकतात, आणि मी त्यांच्यावर ओरडते, इतकी ओरडते की माझ्या पाठीमागे त्या मला शेजारीणबाई म्हणतात. लीडला हे ठाऊक होतं. ती हसली.

"चेष्टा करतेय हं. पण खरं सांगू? बत्तिसाव्या नंबरपर्यंत कोण पोचतं हो? लेख लिहिणारा आणि तुम्ही."

"आणि तपासणारे?"

"त्यांनी आधीच पास केलंय ना." तिने माझ्या खांद्यावर हात ठेवला. "घरी जा लवकर. डोळे बघा किती लाल झालेत."

ती गेल्यावर मी बराच वेळ काही केलं नाही. पलीकडची मुलगी कानात गाणं घालून भराभर हिरवे करत होती. तिच्या बोटांचा आवाज पत्र्यावर दाणे पडल्यासारखा येत होता. मी विचार करत होते असंही नाही. माझ्या नोकरीच्या सगळ्या वर्षांत मी एकदाही शेजार दिला नव्हता आणि त्याबद्दल मला कोणी शाबासकीही दिली नव्हती, हे मात्र मनात येऊन गेलं. मग मी गवताच्या वाढीवरचा तो लेख उघडला, त्याचा नंबर उचलला आणि बत्तिसाव्या ओळीच्या शेपटीला लावला. ठिपका हिरवा झाला. किती सहज होतो. मी ती यादी माझ्या लॅपटॉपवर घेतली, बॅग आवरली आणि निघाले. आता दादाला एकदा सांगायचं, त्याच्या मेलवरून पाठवायचं, की सुटलो.

घरी जाताना मी नेहमीचा रस्ता सोडून मैदानातून गेले. तिथे आता दिवे लावलेत, फरशा बसवल्यात, कुंपण घातलंय, पण कुंपणाची एक सळई वाकवून लोक अजूनही तिरकेच जातात. माझ्या पुढे एक बाई पिशव्या घेऊन चालली होती. ती वाकून त्या फटीतून गेली, म्हणून मीही गेले. पाय दुखत होते. मनात काही पश्चात्ताप वगैरे नव्हता. डोकं रिकामं होतं आणि ते रिकामं आहे याचंच मला बरं वाटत होतं. फक्त एकदा असं वाटलं की दादाने विचारू नये. त्याने नुसतं, झालं का, असं म्हणावं आणि मी, झालं, म्हणावं.

दार उघडलं तर तो खिडकीशी बसला होता. उजेड अजून होता. टेबलावर त्याने माझ्यासाठी कप पालथा घालून ठेवला होता आणि पाणी उकळून ठेवलं होतं. आता ते कोमट झालं होतं.

"झालं?" तो म्हणाला.

"झालं."

"सगळे?"

"सगळे."

मला वाटलं, सुटले. मी चपला काढल्या. मग त्याने खुर्चीचे हात धरले.

"बत्तिसावा?"

त्याचा आवाज असा आला की मी तिथेच थांबले. घाबरल्यासारखा. आपली चोरी पकडली जाणार हे ज्याला माहीत आहे अशा माणसाचा. त्या क्षणी जर माझं डोकं चालत असतं तर मला सगळं कळलं असतं. पण ते चालत नव्हतं. मी म्हटलं, "सापडला की."

"सापडला?"

"हो. थोडा वेळ लागला. पण सापडला."

दादा उठून उभा राहिला. मी त्याला इतक्या झटकन उठताना किती दिवसांत पाहिलं नव्हतं. त्याने तोंड बाजूला वळवलं, मी दिसावी म्हणून, आणि त्याचा चेहरा बघून मला कसंतरी झालं. तो हसत होता. तो हसणं विसरलेला माणूस आहे असं नाही, पण हे वेगळं होतं. रविवारी संध्याकाळी तो असा दिसायचा.

"लबाड," तो म्हणाला. "काय लबाड माणूस! म्हणजे लिहिला त्याने. अगं, लिहिला! मला पत्ताही लागू दिला नाही." तो टेबलाला हात लावत लावत माझ्याकडे आला. "तुला आता सांगतो, रागावू नकोस. मला माहीत नव्हतं गं. ती पानं, तो खंड, मी आपले घातले होते. मनानेच. मला वाटलं होतं, तुला सापडणार नाही आणि मग तुला सांगावं लागेल. आठवडाभर त्याच विचाराने मला झोप नाही. आणि तो खरोखर तिथेच! दवाखान्यात पडून पाठवला असेल का? का आधीच दिला होता? त्याचं काही सांगता येत नाही."

त्याच्या डोक्यात काहीच सुटलेलं नव्हतं. सगळं जिथल्या तिथे होतं, खोटंसुद्धा. आणि मी एका खोट्यावर दुसरं ठेवून त्याचं खरं करून टाकलं होतं. माझ्या शब्दावर त्याचा इतका विश्वास होता की मेलेल्या माणसाने लेख लिहिला हे त्याला पटलं, पण मी चुकेन हे त्याला सुचलं नाही.

"दाखव," तो म्हणाला, आणि मग स्वतःवरच हसला. "दाखवून काय उपयोग. वाच. बस इथे. सावकाश वाच."

मी बसले. लॅपटॉप उघडून तो नंबर दाबला. समोर गवताच्या वाढीवरचा लेख होता, तक्ते, आकडे, तीन अनोळखी नावं. दादा माझ्या शेजारी बसला, पुढे झुकून, तोंड खिडकीकडे. सांगायला पाहिजे होतं, तोंड उघडलंही होतं. पण त्याच्या हातात पेन होतं आणि ते तो उघडझाप करत होता.

"'मोकळ्या जागेवरून जाणाऱ्या पहिल्या माणसाला,'" मी वाचायला लागले, "'वाट पाडायची नसते. त्याला लवकर पोचायचं असतं. त्याचा गवताशी काही संबंध नसतो.'"

"हं," दादा म्हणाला.

"'गवत दबतं आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा उठतं. एकट्या माणसाच्या जाण्याने काही होत नाही. तो गेला होता हेही कोणाला कळत नाही.'" कुठून येत होतं हे माझं मला कळेना. सपाट आवाज ठेवायचा मला सराव होता, पण हा आवाज सपाट राहीना. तो वर जात होता, मध्येच थांबत होता, कप हातात धरून थांबावं तसा. चहा गाळता गाळता मी सगळं ऐकलं होतं. एकेक रविवार माझ्यात तसाच्या तसा पडून होता. "'दुसऱ्या माणसाला मात्र ठरवावं लागतं. बांधलेला रस्ता आहे, आणि इथे थोडंसं वाकलेलं गवत आहे. कोणीतरी गेलंय, कोण ते माहीत नाही, पोचला की नाही तेही माहीत नाही. तरी हा त्याच्या मागे जातो. अरे, तिसऱ्यापासून पुढचे सगळे नुसते चालतात. खरा प्रश्न दुसऱ्याचा आहे. त्याला पहिल्याचा भरवसा का वाटला?'"

पेनाचा आवाज थांबला होता. मी वर पाहिलं नाही. स्क्रीनवरचे तक्ते एकमेकांत मिसळले होते आणि या वेळी दोष डोळ्यांच्या आजाराचा नव्हता.

"दादा," मी म्हटलं, "हे इथे लिहिलेलं नाहीये."

"माहीत आहे."

"कधी कळलं?"

"आत्ताच. लेखात कोणी अरे लिहितं का, वेडे?"

खालून कोणाच्या तरी स्कूटरचा आवाज आला आणि गेला. मग मी त्याला शेजार म्हणजे काय ते सांगितलं. त्याने ऐकून घेतलं. रागावला नाही. रागावला असता तर मला सोपं गेलं असतं.

"तू असं का लिहिलंस?" मी विचारलं. "तू?"

"वाक्य त्याचं होतं. त्याचं नाव न घालता वापरू कसं? आणि नाव घालायचं तर त्यांना लेख लागतो. माणूस चालत नाही."

"बोलण्यात सांगितलं असं लिहिता येतं. तशी सोय असते."

"असते. त्याच्या सहीचं पत्र लागतं. मी विचारलं होतं."

"मग राहू दे ना ते वाक्य तुझं म्हणून." मी बोलून गेले. मला खरंच वाटत होतं की त्याने हो म्हणावं. "कोण विचारणार आहे, दादा? तो नाही, त्याचं कोणी नाही. इतकी वर्षं झाली. छापून येऊ दे एकदाचं."

दादाने मान वळवून खिडकीकडे पाहिलं, म्हणजे माझ्याकडे पाहिलं. बराच वेळ पाहिलं. मी मान खाली घातली.

"तो नंबर काढ," तो म्हणाला. "आणि त्यांना कळव. बत्तिसावा लेख नाही, कधीच नव्हता, वाक्य ज्याचं आहे तो वारला. असंच लिही."

"लेख परत येईल."

"येईल."

"पुन्हा कोणी घेणार नाही, दादा."

"नाही घेणार," तो म्हणाला. त्याचा आवाज खूप दमलेला होता, माझ्याइतकाच. मी त्याच्या मेलमध्ये जाऊन तो सांगेल तसं लिहिलं. तो सांगायला थोडं अडखळला, पण एकही शब्द मागे घेतला नाही. मी एकदा वाचून दाखवलं. त्याने मान हलवली, मी पाठवलं, आणि मग करण्यासारखं काही उरलं नाही, म्हणून मी लॅपटॉप मिटायला हात पुढे केला.

"मिटू नकोस," दादा म्हणाला. "पुढचं वाच."

"पुढे काही नाहीये रे."

"असेल. तू इथेच तर असायचीस." त्याने पेन पुन्हा हातात घेतलं आणि पुढे झुकून बसला. "वाच. आणि ते अरे गाळू नकोस."